रव्या, तुझ्या भाच्याच्या निमित्ताने थोडं फ्रॅटर्निटीपुराण

प्रिय रव्या,

तुझा तो लांबच्या लांब व्हॉइस मेसेज ऐकला. भाच्याला इकडे अमेरिकेत ॲडमिशन मिळाली हे झकासच झालं, पण ताईंनी कुठून तरी ऐकलंय की तिकडे फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलांची मंडळं, म्हणजे नुसती दारू आणि धिंगाणा, आणि आता त्यांना झोप नाही. मेसेजमध्ये काय सांगणार, म्हणून नीट लिहितोय.

तर ताई अगदीच चूक नाहीयेत. ग्रीक अक्षरांचं नाव, मोठं घर, शनिवारी धांगडधिंगा आणि पुढे सिनियरच्या ओळखीवर नोकरी, असं पुष्कळ ठिकाणी चालतं आणि मला त्याचं शून्य कौतुक आहे. पण एक फ्रॅटर्निटी अशी आहे की तू वकील असून तुला तिची गोष्ट माहीत नसेल तर कमाल आहे बाबा. अल्फा फाय अल्फा.

न्यूयॉर्क राज्यात इथाकाला कॉर्नेल युनिव्हर्सिटी आहे. तिथली सहा काळी मुलं 1905 च्या सुट्टीनंतर परत आलीच नाहीत. जी उरली ती हादरली, आणि एकमेकांना धरून राहू, अभ्यास एकत्र करू म्हणून जमायला लागली. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीत यांना प्रवेश नाही, पण त्याच घरांमध्ये वाढपी म्हणून काम करून काहीजण फी भरायचे, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी रोज उभं राहायचं पण बसायचं नाही! मग वाद झाला, आपण नुसतं साहित्य मंडळ राहायचं की सरळ फ्रॅटर्निटी काढायची. शेवटी 4 डिसेंबर 1906 ला फ्रॅटर्निटीचं ठरलं. संस्थापक सात, त्यांना अजूनही 'ज्वेल्स' म्हणतात, म्हणजे आपली सात रत्नं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत शाखा निघाली. (तिथेच 1908 मध्ये मुलींनी अल्फा कॅपा अल्फा काढली, कमला हॅरिस त्यातली.)

त्या सातांतला व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातला पहिला नोंदणीकृत काळा आर्किटेक्ट झाला. मॅडम सी. जे. वॉकर, ती केसांच्या तेला-मलमावर श्रीमंत झालेली काळी उद्योजिका, तिचा हडसनकाठचा बंगला त्यानेच डिझाइन केला. दुसरा, युजीन किंकल जोन्स, नॅशनल अर्बन लीग ही शहरातल्या काळ्यांसाठी काम करणारी संस्था बरीच वर्षं चालवत होता. आणि मुख्य म्हणजे इथे डिग्री मिळाली की मेंबरशिप संपत नाही, नोकरीधंदा करणाऱ्यांच्या वेगळ्या शाखा असतात, वर्गणी चालू राहते, आणि मला वाटतं सगळी ताकद तिथूनच आली, कारण पोरांच्या खिशात कोर्टकचेरीला पैसे कुठून असणार.

आता तुझ्या कामाचं. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने डोनाल्ड मरे नावाच्या मुलाला काळा म्हणून नाकारलं. फ्रॅटर्निटीचा वकील बेलफर्ड लॉसन मागे लागला, थर्गुड मार्शल, तोही अल्फाच, कोर्टात लढला, आणि 1936 मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टानेही मरेच्या बाजूने निकाल दिला. हाच मार्शल 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाचा पहिला काळा न्यायमूर्ती.

पण माझी आवडती केस रेल्वेची. 1942 चा मे महिना, एल्मर हेंडरसन नावाचा काळा माणूस फर्स्ट क्लासचं तिकीट काढून वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघाला. साडेपाचला जेवणाची पहिली हाक आली तसा हा डायनिंग कारमध्ये हजर. काळ्यांची टेबलं किचनला चिकटून, तिथे गोरे आधीच बसलेले, एक खुर्ची रिकामी होती तरी याला बसू दिलं नाही. म्हणाले जागेवर जेवण आणून देतो, हा नको म्हणाला, मग म्हणाले जागा झाली की कळवतो. कोणी कळवलं नाही. हा आणखी दोनदा जाऊन आला आणि रात्री नऊला तो डबाच गाडीपासून काढला! तक्रार केल्यावर रेल्वेने सुधारणा काय केली, तर गोऱ्यांना दहा टेबलं, काळ्यांना एक, आणि मध्ये पडदा. फ्रॅटर्निटीने पाठबळ दिलं, लॉसन सुप्रीम कोर्टात उभा राहिला, जून 1950 मध्ये निकाल हेंडरसनच्या बाजूने, आठ विरुद्ध शून्य. गंमत बघ, कोर्टाने राज्यघटनेला हातच लावला नाही, रेल्वेच्या कायद्यावरच भागवलं. आपलं भेदभावाला मनाई करणारं कलम 15 तेव्हा लागू होऊन चारेक महिने झाले होते.

मार्टिन ल्यूथर किंग 1952 मध्ये बॉस्टनला शिकताना मेंबर झाले. वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक 2011 मध्ये उघडलं, त्याची कल्पना आणि पाठपुरावा याच लोकांचा. आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस, तेही अल्फा. 1946 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, युनोकडे इथल्या काळ्यांच्या वतीने जो अर्ज गेला त्याच्या प्रती मागायला, आणि जुलैअखेर ड्यू बॉइसचं उत्तरही आलं. ती पत्रं नेटवर आहेत, शोध म्हणजे मिळतील.

आता ताईंची भीती. ती इथेही लागू आहे, मी लपवत नाही. नव्या मुलांना छळायचा प्रकार याही फ्रॅटर्निटीत होता, 1989 मध्ये अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजमध्ये तिच्यात येऊ पाहणारा अठरा वर्षांचा मुलगा त्यात दगावला. पुढच्या वर्षी काळ्यांच्या सगळ्या जुन्या संघटनांनी मिळून मेंबर करून घेण्याआधी मुलांना उमेदवारी करायला लावायची ती जुनी पद्धतच बंद केली, कागदावर तरी. चोरूनमारून अजून चालतं आणि एवढा इतिहास असणाऱ्यांनी ते चालू द्यावं याचा मला खरंच राग येतो.

भाच्याला यात जाता येईल का विचारलंस, तर हो, 1945 पासून कुठल्याही वंशाच्या मुलाला येते. पण पहिलं सेमिस्टर त्याने कुठेच नाव देऊ नये, आधी मार्क आणि थंडी सांभाळू दे. आणि कोणी म्हणालं ना की रात्री अमुक ठिकाणी ये, कोणाला सांगू नकोस, फोन ठेवून ये, तर जायचं नाही आणि मला लगेच फोन करायचा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. माझा नंबर ताईंकडेही देऊन ठेव.

तुझाच,
पक्या