कोऱ्या कापडाची गोधडी: आधी पाणी, मग कात्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत गोधडीला पुन्हा मागणी आली आहे. बारशाला गोधडी दिली जाते, ऑर्डरवर शिवून मिळते, शिकवण्याचे वर्गही निघाले आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण पूर्वीची गोधडी वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची आणि धोतरांची असे. कापड आधी धुवायचे का, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता. आता मंगलदास मार्केटमधून किंवा हिंदमाताहून कोरे कापड येते आणि त्यावर थेट कात्री चालते. ‘कडक कापड कापायला सोपे, धुवायची गरज नाही’ असेही सर्रास शिकवले जाते. कापायला ते सोपे असते हे मान्य. पण आजच्या गोधडीत कोरे कापड धुतल्याशिवाय वापरू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

कापड विणताना ताण्याचे, म्हणजे लांबीतले उभे धागे ओढून धरलेले असतात. पहिले पाणी लागले की ते सैल होतात आणि कापड आटते, लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी. पॉपलीन, केंब्रिक यांसारखे साधे सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटते. मांजरपाट, खादी आणि हातमागाचे कापड त्याहूनही जास्त. पॉलिएस्टर जवळपास आटतच नाही. ९० इंच लांबीच्या गोधडीत ४ टक्के म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त.

सगळेच कापड सारखे आटले असते तर गोधडी थोडी लहान झाली असती, एवढेच. खरी अडचण सरमिसळीची आहे. हल्ली आजीच्या किंवा आईच्या जुन्या साड्यांचे तुकडे वर आणि कोऱ्या मांजरपाटाचे अस्तर खाली, अशी गोधडी फार शिवली जाते. जुनी साडी आटायची तेवढी केव्हाच आटलेली असते. पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरचा थर आटत नाही, आणि टाक्यांच्या ओळींमध्ये साडीचे फुगे उभे राहतात. जीर्ण साडी मग टाक्याच्या भोकाशी विरते. अशी गोधडी उसवल्याशिवाय दुरुस्त होत नाही, आणि आठवण म्हणून जपलेली साडी त्या उसवण्यात टिकेलच असे नाही. खणाचे काठ जोडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. काठात कृत्रिम रेशीम असेल तर ते शेजारच्या सुती कापडाइतकेच आटेल असे नाही.

आपल्या दमट हवेत खळीचाही विचार करावा लागतो. कोऱ्या कापडातली पिष्टमय खळ गोधडीत तशीच राहिली, तर पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोघांनाही आयते खाद्य मिळते. बाळाच्या दुपट्यासाठी तर खळ आणि कारखान्यातली इतर प्रक्रियाद्रव्ये आधी धुऊन काढलीच पाहिजेत.

रंगाबाबत मात्र घरोघरी एक चुकीचा उपाय चालतो. लाल, मरून, काळे, निळीचे कापड मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग ‘पक्का’ होतो, ही समजूत. आजचे बहुतेक सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडल्या जाणाऱ्या रंगांनी रंगवलेले असते. त्यातला जो रंग धाग्याशी जोडला गेलेला नाही, तो धुऊनच काढावा लागतो. मीठ त्या सुट्या रंगाला उलट कापडाकडे ढकलते. त्यामुळे पाणी कमी रंगीत दिसते, आपले समाधान होते आणि रंग पुढच्या धुण्यात पांढऱ्या तुकड्यावर उतरतो. व्हिनेगर लोकर आणि रेशमावरच्या आम्लधर्मी रंगांचे, तुरटी नैसर्गिक रंगकामाच्या आधीची. बाजारातून रंगवून आलेल्या सुती कापडाला दोन्ही उपयोगी नाहीत. भरपूर गरम पाणी आणि ते वारंवार बदलणे, हाच मार्ग.

खात्री करायची तर कापडाची बोटभर पट्टी आणि पांढऱ्या मलमलीचा तुकडा साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास एकत्र ठेवावा. पाण्याचा रंग पाहू नये, मलमल पाहावी. ती पांढरी राहिली तर कापड चालेल. तीन-चार धुण्यांनंतरही डागाळत असेल, तर ते कापड फिक्या रंगांशेजारी लावू नये. आटण्याची परीक्षाही सोपी आहे. कापडावर दोऱ्याने २० सेंटिमीटरचा चौकोन आखावा, गरम पाण्यात भिजवून वाळवावा, इस्त्री करून मोजावा. ८ मिलिमीटर कमी भरले तर आट ४ टक्के.

धुण्याआधी कापलेल्या दोन्ही कडांना झिगझॅग किंवा मोठ्या टाक्याची शिलाई मारावी, नाहीतर धाग्यांचा गुंता होतो. गडद आणि फिके वेगळे. २० लिटरच्या बादलीत तीन मीटरपेक्षा जास्त कापड कोंबू नये. साबण चमचाभर पुरे. खळ निघेपर्यंत, म्हणजे पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळावे आणि न पिळता सावलीत टाकावे. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. इस्त्री ओढत नेली की कापड तिरपे ताणले जाते, म्हणून ती उचलून दाबावी. किनार घट्ट विणीची असते आणि वेगळी आटते, तेव्हा ती कापून टाकावी. धुतलेले कापड लुळे पडते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी एक लिटर पाण्यात चमचाभर आरारूट शिजवून हलकी खळ द्यावी आणि गोधडी पूर्ण झाल्यावर ती धुऊन टाकावी. खरेदी करतानाच १० टक्के जास्त कापड घ्यावे, पाच मीटरला साडेपाच.

आधीच कापलेले लहान चौकोन मात्र धुऊ नयेत. ते उसवतात आणि आकार सोडतात. भिंतीवर टांगायच्या, कधीच पाणी न लागणाऱ्या कामालाही धुण्याची गरज नाही. कुणाला सुरकुतलेली गोधडीच आवडत असेल, तर सगळे थर एकाच जातीचे आणि सगळेच कोरे घ्यावेत. अर्धे धुतलेले, अर्धे कोरे हा प्रकार कधीही नको.

कापड दुकानदारांना विनंती आहे की ताग्यावर आटण्याचे प्रमाण लिहिलेले असेल तर ते गिऱ्हाइकाला न विचारता सांगावे. ‘सॅनफोराइज्ड’, म्हणजे कारखान्यातच आधी आटवून घेतलेले कापड जेमतेम १ टक्का आटते, पण विचारल्याशिवाय ते कुणी दाखवत नाही. आणि ऑर्डरवर गोधड्या शिवून देणाऱ्यांनी प्रत्येक गोधडीला एक छोटी कापडी पट्टी शिवावी. त्यावर वरचे कापड, अस्तर आणि भरण कशाचे आहे, शिवण्याआधी कापड धुतले होते का आणि पहिले धुणे गार पाण्यात की गरम, एवढे तरी लिहिलेले असावे.

– गोधडी शिवणारी एक वाचक, गिरगाव, मुंबई