मुंबईचे पहिले कागद मराठीत आणा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी माहीमला राहते. बँकेतली नोकरी संपल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, एक कादंबरी लिहिते आहे. इंग्रज मुंबईत आले आणि मुक्काम ठोकून राहिले, त्या पहिल्या तीस वर्षांची. कादंबरीचा नायक माहीमचा एक भंडारी तरुण आहे. माझं माहेर भंडाऱ्यांचं. कादंबरीसाठी मला अनुदान नको, पुरस्कारही नको. मागणं कागदांचं आहे.

फेब्रुवारी १६६५ मधली एक सकाळ मी सतरा वेळा लिहून खोडली आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात, १६६१च्या करारानं, मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं होतं. ताबा मात्र मिळेना. गोव्याचा व्हाइसरॉय बेट सोडायला तयार नव्हता. इंग्रज सरदार अब्राहम शिपमन आपली फौज घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत बसला. तिथे रोगराईनं माणसं पटापट मेली, १६६४ मध्ये शिपमनही गेला. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक उरलेली शंभरेक माणसं घेऊन मुंबईला आला आणि दोना इनेस द मिरांदा या विधवा बाईच्या वाड्यात ताब्याचा कागद झाला. त्यात लिहिलंय की कुकनं बेटाची माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर फिरला, भिंतींना हात लावला. बस्स, मुंबई इंग्रजांची झाली.

त्या मातीत ज्यांचे माड होते ते त्या वेळी कुठे होते? सकाळची वेळ असेल तर माझा भंडारी झाडावर असणार. माडी गोळा करायला पोयीला, म्हणजे माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला, बांधलेलं मडकं काढून नवं बांधत असणार. वरून त्याला मूठभर माती उचलणारा गोरा माणूस दिसला असेल का?

त्याच व्यवहारात एक अट होती. पोर्तुगीज मुलखातल्या गावांचे कुणबी, भंडारी मुंबईत पळून आले तर त्यांना थारा द्यायचा नाही, मालकांच्या हवाली करायचं. गुलामांनाही तेच, कारागिरांनाही तेच. साहेब, हे वाचलं तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला. मुंबईच्या जन्मपत्रिकेत माझ्या माणसांचा उल्लेख आहे, आणि तो असा आहे. कादंबरी त्या दिवशी सुरू झाली.

अडचणही तिथेच सुरू झाली. मूळ कागद पोर्तुगीजमध्ये. मी वाचला त्याचा इंग्रजी तर्जुमा. त्यावरून मी मनातल्या मनात मराठी करते आणि मग माझ्या पात्रांच्या तोंडी घालते. माझ्या माहेरच्या माणसांशी मी दोन दुभाष्यांमार्फत बोलते आहे. माडांच्या वाडीला इंग्रजी कागदांत ‘ओर्ट’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘ओर्ता’चा अपभ्रंश. शीवचं तर सायन झालं ते झालंच. पण अनेक छोट्या पाखाड्यांची, बांधांची, खाजणांची नावं अशी काही लिहिली आहेत की ती कुठली हे जुन्या कोळीवाड्यातला म्हाताराच सांगू शकेल. तो म्हातारा इंग्रजी वाचत नाही, आणि इंग्रजी वाचणाऱ्या अभ्यासकाला तो भेटत नाही.

आणखी एक माणूस मला झोपू देत नाही. नारायण शेणवी. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषी. १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेला, तेव्हा हा बरोबर होता. त्या मुक्कामातली एक हकिगत कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर यानं लिहून ठेवली आहे. गडावर येऊन इतकं मांस खाणारी ही कोण माणसं, ते बघायला त्यांना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून वर आला. हा खाटीक कादंबरीत येणारच! पण नारायण शेणवी त्याच्याशी काय बोलला असेल? गडावर कारभाऱ्यांपुढे कुठल्या मराठीत बोलला असेल, आणि मुंबईला परतल्यावर कंपनीचा गव्हर्नर ऑंजियर याला काय सांगितलं, काय गाळलं? मराठी माणसानं मराठी दरबारात केलेली बोलणी, आणि आज ती मला इंग्रजीतून वाचावी लागतात.

कादंबरीला मोठ्या घटना लागतात, पण त्याहून जास्त लागतात बारीक गोष्टी. माडांच्या बुंध्याशी मासळीचं खत घालायचे, त्या वासानं इंग्रज हैराण व्हायचे आणि तापाचा दोष त्या वासाला द्यायचे. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, अशी त्यांच्यात म्हणच पडली होती. माझ्या नायकाला मात्र तो वास भरल्या घराचा वाटतो. १६७२ मध्ये ऑंजियरनं रहिवाशांशी करार केला, जमिनी त्यांच्याकडे राहिल्या आणि बदल्यात वर्षाला वीस हजार झेराफिन, म्हणजे पोर्तुगीज नाणी, ठरली. त्यातला माझ्या भंडाऱ्यावर किती बोजा पडला? त्याच वर्षी न्यायालय सुरू झालं. तिथे तो उभा राहिला असता तर काय म्हणाला असता?

हे शोधायला मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. अर्जात विद्यापीठाचं नाव आणि मार्गदर्शकाचं पत्र मागितलेलं. ‘प्रयोजन’ या रकान्यात मी ‘कादंबरी’ लिहिलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही कळेना की हे चालतं की नाही. एका नकाशाच्या प्रतीसाठी मी पाच महिने हेलपाटे घातले. प्रत मिळाली नाही.

आपल्याकडे काय नाही? इथला अभिलेख कक्ष १८२१ पासूनचा. दर्शनिका, म्हणजे गॅझेटिअर, विभाग आहे. मुंबईचं तीन खंडांचं इंग्रजी गॅझेटिअर १९०९-१० मध्ये निघालं. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. गोव्यात मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही सहज वाचणारी माणसं अजून आहेत, पण १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत गेलेली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणून मला घाई वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. त्या दर्जाच्या नावानं जे काम होणार आहे, त्यात हे घ्या.

१६६१ ते १७०० या काळातले मुंबईचे पोर्तुगीज, इंग्रजी आणि मोडी कागद मराठीत, टिपांसह, खंडाखंडानं छापा आणि संकेतस्थळावर फुकट ठेवा. गोवा सरकारला सोबत घ्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीची दप्तरं आहेत, त्यांच्या प्रती मागवा. अनुवादकांना नीट मानधन द्या, नाहीतर हे काम निवृत्त लोकांच्या हौसेवर पडेल आणि अर्ध्यात थांबेल. वरळी, माहीम, शीव, माझगाव इथल्या जुन्या जाणत्यांना नावं ओळखायला संपादकांबरोबर बसवा. आणि अर्जातल्या त्या रकान्यात कादंबरी, नाटक, चित्रपट हे शब्द लिहायला जागा ठेवा.

दोना इनेसचा वाडा टाऊन हॉलमागे होता. आज तिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे. त्यामुळे कुणीही उठून आत जाऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण कागद मराठीत आला तर माहीमच्या शाळेतली पोरंही वाड्याच्या अंगणापर्यंत पोचतील.

सुरुवात कुठून करायची असं विचारलंत, तर तो फेब्रुवारी १६६५ चा ताब्याचा कागद आणि त्यासोबतच्या अटी आधी घ्या. माझा भंडारी अजून झाडावरच आहे.

आपली नम्र,
माहीमची एक लेखिका