चिमणीचा आकडा छापण्याआधी ॲनालायझरचं सेटिंग विचारा

मा. संपादक साहेब, नमस्कार,

गाळप हंगाम लागला की धुराड्यांवर, प्रदूषणावर बातम्या येतात आणि यायलाच पाहिजेत, पण त्यातला आकडा ज्या फ्ल्यू गॅस ॲनालायझरमधून (धुरातले वायू मोजणारं मशीन) निघतो त्याचं सेटिंग काय होतं हे कुणीच विचारत नाही. मी बॉयलरवर इन्स्ट्रुमेंटचं काम करतो म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट झिरोची, म्हणजे मशीनचा शून्य बसवण्याची. मशीन चालू केलं की ते आजूबाजूची हवा ओढतं आणि हा ऑक्सिजन 20.9 टक्के, हा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) शून्य असं धरून चालतं. आता हे बॉयलर हाऊसमध्ये, धूर गळणाऱ्या डक्टशेजारी उभं राहून केलं तर त्या हवेतला सीओ शून्य धरला जातो आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढंच कमी येतं. बाहेर मोकळ्यावर जाऊन झिरो करायला पाच मिनिटं लागतात, तरी लोक जात नाहीत.

मग फ्युएल. बरेच पोर्टेबल ॲनालायझर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, ऑक्सिजनवरून हिशोबाने काढतात आणि त्यासाठी इंधन निवडावं लागतं. बगॅसला (उसाचं चिपाड) कमाल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साधारण 20 टक्के, नॅचरल गॅसला 12 च्या आसपास. मेनूत बगॅस नसतं म्हणून गॅसवरच ठेवलं तर 6 टक्के ऑक्सिजनला सीओटू सव्वाचौदाच्या जागी साडेआठ दिसतो, एफिशियन्सी पण चुकीची. युजर फ्युएलमध्ये व्हॅल्यू भरायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती वापरा ना.

सगळ्यात जास्त घोळ फॉल्स एअरचा, म्हणजे बाहेरून शिरलेल्या हवेचा. सॅम्पलिंग पोर्टच्या भोकाला चिंधी कोंबून प्रोब (धूर ओढणारी नळी) आत घातलेला मी कितीदा पाहिलाय, त्या फटीतून आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) बाहेरची हवा खेचतो आणि तीच प्रोबच्या तोंडाशी येते. खरा ऑक्सिजन 5 टक्के असेल आणि सॅम्पलमध्ये पाचवा हिस्सा हवा मिसळली तर मीटर 8.2 दाखवतो, ऑपरेटर म्हणतो हवा जास्त झाली, डॅम्पर (हवेची झडप) आवळतो, आणि मग खरंच हवा कमी पडून काळा धूर आणि सीओ वाढतो. म्हणून कोन (शंकूसारखं बूच) लावून पोर्ट सील करा, प्रोबचं टोक बंद करून लीक टेस्ट घ्या, कंडेन्सेट ट्रॅप (धुरातलं पाणी साठणारं भांडं) रिकामा आहे का बघा कारण त्या पाण्यात एसओटू (सल्फर डायऑक्साइड) विरघळून जातो आणि रीडिंग उगाच चांगलं येतं.

अजून एक, यावरून प्लँटमध्ये भांडणं होतात. डक्टमधला झिर्कोनिया प्रोब (तिथेच बसवलेला ऑक्सिजन सेन्सर) वाफेसकट मोजतो, पोर्टेबल मशीन पाणी काढून कोरडा गॅस मोजतं. बगॅसमध्ये जवळपास 50 टक्के पाणी, म्हणजे धुरात पाव हिस्सा वाफच, त्यामुळे पोर्टेबलवर ऑक्सिजन 5 तर झिर्कोनियावर पावणेचार, आणि दोन्ही बरोबर असतात! सेन्सर बदलायच्या आधी एवढं तरी बघावं.

नुसता पीपीएम (दहा लाखात किती भाग) छापण्यालाही अर्थ नाही, हवा मिसळली की तो आपोआप खाली येतो. तो रेफरन्स ऑक्सिजनवर (तुलनेसाठी ठरवलेली ऑक्सिजनची टक्केवारी) आणायचा असतो, 21 वजा रेफरन्स भागिले 21 वजा मोजलेला, या गुणकाने. घन इंधनाला 6 टक्के, तेल-गॅसला 3. शिवाय पीपीएमचे घनमीटरमागे मिलिग्रॅम करताना एनओटूला (नायट्रोजन डायऑक्साइड) 0 अंशावर 2.05 ने गुणतात आणि 25 अंशावर 1.88 ने, कुठला घेतला ते लिहिलं नाही तर तोच धूर एका रिपोर्टात पास आणि दुसऱ्यात नापास होऊ शकतो.

माझी मागणी एवढीच की स्टॅक (चिमणी) रिपोर्टवर इंधनाचं सेटिंग, रेफरन्स ऑक्सिजन, मोजलेला ऑक्सिजन, कुठल्या तापमानाचा घनमीटर आणि कॅल गॅसने (प्रमाण माहीत असलेला गॅस) शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं हे छापणं सक्तीचं करा. आणि तुमच्या बातमीदारांनीही कारखान्याकडून किंवा प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडून आकडा घेताना निदान मोजलेला ऑक्सिजन मागावा, तो नसेल तर तो आकडा छापू नये.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, जि. कोल्हापूर