फुगवटा कुठे आणि कसा मोजला तेही रिपोर्टात लिहा

मा. संपादक,
नमस्कार. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, फुगवट्यातलं रक्त कसं वाहतं ते आता कॉम्प्युटर आपोआप मोजतो, असं तुमच्या आरोग्याच्या पानावर वाचलं. छान आहे, पण पेशंटच्या घरच्यांना जिथे ठेच लागते ते त्यात आलंच नाही म्हणून लिहितेय.

आमच्या मोठ्या दिरांना छातीतल्या महाधमनीचा फुगवटा आहे, ॲन्युरिझम म्हणतात तो. इथे इंदूरमध्येच एका सेंटरला ४.६ सेंटीमीटर निघाला आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे ५.१. साधारण ५.५ ला ऑपरेशन सांगतात आणि वर्षात अर्धा सेंटीमीटर वाढला तरी विचार करतात, म्हणजे घरात काय हलकल्लोळ झाला असेल बघा, जाऊबाईंनी तर पुण्याहून मुलीला बोलावूनच घेतलं. सर्जननी दोन्ही सीडी शेजारी लावल्या तर दुसऱ्या वेळी नळी वळते तिथे तिरकं मोजलेलं! काकडी तिरकी कापली तर चकती मोठीच निघणार ना.

मला मशीनचा खरा उपयोग इथे दिसतो. फोर-डी फ्लो एमआरआयमध्ये ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत रक्ताचा वेग तिन्ही दिशांनी मिळतो, पण धमनीची कड हाताने आखायची म्हणजे वेळखाऊ काम, आणि माणूस बदलला की कडही थोडी सरकते. सॉफ्टवेअर निदान दरवर्षी एकाच पद्धतीने तरी आखेल. शिवाय ज्यांची हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते त्यांच्यात रक्ताची धार भिंतीच्या एकाच बाजूला आदळते, तो ताण नुसत्या रुंदीच्या आकड्यात कुठे दिसतो? अर्थात ऑपरेशनचा निर्णय आज मुख्यतः रुंदीवरच होतो, त्यामुळे या स्कॅनमधलं रक्तप्रवाहाचं रंगीत चित्र बघून कोणी घाबरू पण नये आणि निर्धास्त पण होऊ नये.

आणि मशीनवर सगळं सोडून पण चालणार नाही. या स्कॅनला वेगाची मर्यादा आधी सेट करावी लागते, ती कमी ठेवली गेली तर जोरात पुढे जाणारं रक्त चक्क उलटं वाहताना दिसतं, आणि असल्या डेटावर सॉफ्टवेअरने बिनबोभाट आकडा काढून दिला तर तो पकडणार कोण? रेडिओलॉजिस्टनेच ना.

म्हणून आपल्या शहरातल्या सेंटरवाल्यांना एवढंच सांगणं आहे, फुगवटा नेमका कुठे मोजला, आडवा काटकोनात मोजला का, कड मशीनने आखली की माणसाने आणि ती तपासली कोणी हे रिपोर्टात लिहा, आणि मागची सीडी मागून घेऊन तिच्याशी ताडून मगच ‘वाढला’ म्हणा.

– एक वाचक, सुदामानगर, इंदूर