गांडूळ आणि मुलांचा विश्वास

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलांना ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देताना सृष्टीतील जिवांकडे बोट दाखवण्याची रीत जुनी आहे आणि ती पवित्र शास्त्रातूनच आलेली आहे. नीतिसूत्रांचा कर्ता आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतो, ईयोब आपल्या मित्रांना पशुपक्ष्यांना विचारायला आणि पृथ्वीशी बोलायला सांगतो, तर प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवतो. आपल्या शब्बाथ शाळांतून, म्हणजे मुलांना पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या मंडळीच्या वर्गांतून, कोकरू, कबुतर आणि फुलपाखरू यांवरचे धडे नेहमी होतात. जंगलातील पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या गांडुळाची आठवण क्वचितच होते, आणि झालीच तर त्याच्यावरून एक घाईचे तात्पर्य काढून शिक्षक पुढे जातात. हा जीव मुलांसाठी फार मोलाचा आहे, असे मी मानते, म्हणून हे पत्र.

घाईचे तात्पर्य असे असते की गांडूळ गाजावाजा न करता राबते, माती सुपीक करते, तेव्हा तुम्हीही कष्टाळू आणि उपयोगी व्हा, म्हणजे देव प्रसन्न होईल. कष्टाचा गौरव करण्यात काहीच गैर नाही, पण यात सुवार्ता कुठे आहे? वर्गातील एखादे मूल सतत आजारी असते, एखाद्याला वाचायला इतरांपेक्षा उशिरा येते, एखाद्याला चालता येत नाही. जो उपयोगी तो देवाला प्रिय, असे त्या मुलाच्या कानावर पडले की त्याचा अर्थ ते स्वतःपुरता लावते आणि कोणाला काही न सांगता गप्प बसते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जमिनीवर रांगणारे जीव देवाला चांगले दिसले, ते मनुष्य निर्माण होण्यापूर्वी. त्या वेळी शेत नव्हते, नांगर नव्हता आणि सुपीक मातीची वाट पाहणारा शेतकरीही नव्हता. चिमण्यांबद्दल प्रभूचे जे बोल आहेत त्यांतही हेच दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट, तिला बाजारात किंमतच नाही, आणि तरीही देवाला तिचा विसर पडत नाही. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्यावा. पाचव्या चिमणीपाशी ती आपोआप थांबतात.

गांडुळाविषयी बोलण्याआधी ते नीट पाहावे, हा माझा दुसरा आग्रह आहे. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसे नाहीत. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते, त्वचेतीलच पेशींनी उजेड ओळखते आणि अंगावरील बारीक ताठ केसांनी मातीला धरून पुढे सरकते. कुजलेली पाने आणि माती त्याच्या शरीरातून जाऊन बाहेर पडते आणि त्याच्या बिळांतून पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचते. इंग्लंडमधील सेलबोर्न या खेड्यात राहणारे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७७७ मध्ये एका पत्रात लिहिले होते की गांडूळ हा सृष्टीच्या साखळीतील क्षुद्र आणि तुच्छ दुवा दिसत असला, तरी तो नाहीसा झाल्यास फार मोठे खिंडार पडेल. तरुणपणी धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने केंब्रिजला शिकलेल्या चार्ल्स डार्विन यांनी आपला अखेरचा ग्रंथ, १८८१ मध्ये, गांडुळांवरच लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा अंदाज होता. गांडुळे पान नेमके कोणत्या टोकाने बिळात ओढतात हे समजून घेण्यासाठी त्यांनी कागदाचे त्रिकोणी तुकडे कापून त्यांच्यापुढे ठेवले होते. डार्विन यांचे नाव शब्बाथ शाळेत घ्यायला काही शिक्षक कचरतात. मला त्यात संकोच वाटत नाही, कारण देवाच्या हातची एवढी लहान कृती इतकी वर्षे आस्थेने पाहणारी माणसे थोडी असतात.

अशा निरीक्षणानंतर बावीसावे स्तोत्र उघडावे. वधस्तंभावर प्रभूने जो आक्रोश केला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', त्याच शब्दांनी हे स्तोत्र सुरू होते, आणि पुढे सहाव्या ओवीत स्तोत्रकर्ता स्वतःला मनुष्य नव्हे तर किडा म्हणतो, ज्याची लोक निंदा करतात आणि ज्याला तुच्छ मानतात. मुलांना तुच्छतेचा अनुभव असतो. खेळात शेवटी निवडले जाणे, चिडवले जाणे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. ज्या स्तोत्रात माणूस स्वतःला पायदळी जाणाऱ्या जिवाच्या जागी पाहतो, ते स्तोत्र प्रभूने आपल्या वेदनेत ओठांवर घेतले, हे ऐकल्यावर त्या अनुभवात आपल्यासोबत कोणी आहे एवढे मुलाला कळते. यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातही देव याकोबाला किडा म्हणून हाक मारतो आणि लगेच भिऊ नको, मी तुला साहाय्य करीन, असा धीर देतो. फिलिप्पैकरांस पत्रातील ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचा, म्हणजे दासाचे रूप घेतल्याचा, उतारा मोठ्या मुलांना इथेच वाचून दाखवता येतो. लहानांना मात्र स्तोत्र पुरे.

विश्वास शिकवताना खोटी माहिती कधीही वापरू नये, हेही मला आग्रहाने सांगायचे आहे. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, असे सांगून त्यावरून पुनरुत्थान, म्हणजे येशूचे मरणातून पुन्हा उठणे, समजावण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती अशी की डोक्याकडील भाग पुरेसा मोठा राहिला तर तो कधी कधी जगतो आणि शेपटाकडील भाग बहुधा मरतो. हीच मुले उद्या जीवशास्त्राच्या तासाला खरे काय ते शिकतील, आणि मग रिकाम्या कबरेची साक्षही त्यांना त्याच माळेतली वाटेल. गांडुळाला देवदूत करण्याचेही कारण नाही. उत्तर अमेरिकेच्या ज्या उत्तरेकडील जंगलांत हिमयुगानंतर गांडुळे नव्हती, तिथे माणसांनी बाहेरून आणलेल्या गांडुळांनी जमिनीवरील पाल्याचा थर झपाट्याने संपवला आणि त्या थरावर वाढणाऱ्या रोपट्यांचे नुकसान झाले. हे ऐकून मुले विचारतात की मग गांडूळ वाईट का. दोष गांडुळाचा नाही, ते नको तिथे नेणाऱ्या माणसाचा आहे, असे उत्तर दिले की एदेन बागेची मशागत व राखण मनुष्याकडे सोपवल्याचे वचन त्यांना नव्याने समजते.

प्रत्यक्ष धड्यासाठी पावसानंतरची वेळ बरी. हात ओले करून गांडूळ उचलावे, ऊन लागू देऊ नये आणि थोड्याच वेळात जिथून घेतले तिथेच ठेवून वर पाला पसरावा. हे सर्व मुलांकडूनच करून घ्यावे. गांडूळ स्वर्गात जाते का, असा प्रश्न हमखास येतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टीही नाशाच्या दास्यातून मुक्त होईल, अशी आशा पौल देतो. तेवढे सांगावे आणि त्यापलीकडे आपल्या मनाचे काही जोडू नये.

आपल्या बालपुरवणीत मातीतील जिवांवर जाणकारांकडून लेखमाला लिहून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तात्पर्य आम्ही शिक्षक पाहून घेऊ. आम्हाला भरवशाची माहिती हवी आहे.

आपली विश्वासू,
एक शब्बाथ शाळा शिक्षिका