फायर सूट उन्हात वाळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त आपण छापलेलं छायाचित्र पाहिलं. केंद्राच्या गच्चीवर कठड्याला ओळीने टांगलेले फायर सूट, नुकतेच धुतलेले, वर रणरणतं ऊन. फोटो सुरेख आहे, पण माझ्या पोटात गोळा आला. एका रसायन कारखान्याच्या फायर पथकात मी 26 वर्षं काढली. त्यातली शेवटची 9 वर्षं सूट, होज (पाणी मारायचे पाइप) आणि दोर यांचं स्टोअर माझ्या ताब्यात होतं.

हे सूट अ‍ॅरामिड धाग्याचे असतात. नोमेक्स, केव्हलार ही त्याची बाजारातली नावं. हा धागा वितळत नाही. केव्हलार तर 400 अंश सेल्सिअस ओलांडल्यावर कुठे जळू-कोळपू लागतो. त्यामुळे आमचा सगळ्यांचा हिशेब सरळ होता: आगीत जाणाऱ्या कपड्याला वैशाखातलं ऊन काय करणार?

एका ड्रिलला आमच्या एका पोराने होज खांद्यावर घ्यायला हात उचलला आणि डाव्या खांद्याची शिवण टर्रकन उसवली. तो सूट एकदाही आगीत गेलेला नव्हता. चार वर्षं पश्चिमेच्या खिडकीशेजारी खुंटीवर लटकत होता, इतकंच. स्टोअरमध्ये आणून टेबलावर पसरला. केव्हलारचे टाके मुळात पिवळेधमक. खिडकीकडच्या बाजूला ते चहाच्या रंगाचे झाले होते आणि नखाने ओढले तरी तुटत होते. खिशाची झडप उचलली तर खालचं निळं कापड कालच शिवल्यासारखं, टाके हळदीसारखे पिवळे.

खिडकीला काच होती, मग ऊन लागलं कसं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर तरंगलांबीत आहे. जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश साधारण 300 नॅनोमीटरपासून सुरू होतो, त्याखालचं बहुतेक सगळं ओझोन वरच अडवतो. केव्हलार नेमका 300 ते 450 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश शोषतो, म्हणजे अतिनील किरण आणि थोडा जांभळा-निळा प्रकाशसुद्धा. साधी काच 320च्या आसपासपर्यंतचे किरण थोपवते, पुढचे बेलाशक आत येतात. 300 नॅनोमीटरच्या प्रकाशकणात 700च्या तांबड्या प्रकाशकणाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. एवढा फटका धाग्याच्या रेणूसाखळीतली कडी तोडायला पुरतो, आणि हवेतला ऑक्सिजन पुढचं काम उरकतो. अंगाला चटका देणारे अवरक्त किरण कापड फक्त तापवतात. तेवढं तापणं या धाग्याच्या खिजगणतीतही नसतं.

खात्री करायला मी घरच्या गच्चीवर एक उद्योग केला. सूटच्या न विटलेल्या भागातून केव्हलारचा दोरा उसवला, त्याचे तीन तुकडे केले. एक उघड्यावर, एक काचेखाली, एक पत्र्याच्या बंद डब्यात. फेब्रुवारी ते मे. (बायको म्हणाली, लोक गच्चीवर कुरडया घालतात, तुम्ही दोरे घाला.) डबा दुपारी हात लावू देत नव्हता, तरी त्यातला दोरा पिवळाच राहिला आणि मला हाताने तुटेना. उघड्यावरचा तपकिरी होऊन सहज तुटला. काचेखालचा दोघांच्या मधला. सगळ्यात जास्त तापलेला दोराच शाबूत राहिला, हे पाहिल्यावर माझा जुना हिशेब संपला.

यात गंमत नाही. अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याची बुलेटप्रूफ जाकिटं पोलिसांना दिली होती. हा धागा उष्णतेत केव्हलारपेक्षाही चिवट, 600 अंशांपलीकडे टिकणारा. पण प्रकाश आणि दमट हवा यांच्यापुढे तो कच्चा निघाला. 2003 मध्ये एका पोलिसाच्या जाकिटातून गोळी आरपार गेली आणि 2005 मध्ये तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली.

आपल्याकडे करायचं ते बिनखर्चाचं आहे. सूट धुतल्यावर उलटा करून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. खुंटीऐवजी दाराच्या कपाटात ठेवावा. ट्यूबलाइटमधूनही थोडे अतिनील किरण निघतात, तेव्हा रात्रंदिवस दिव्याखाली टांगणंही नको. आणि तपासताना आधी खांदे व पाठीवरचे टाके बघावेत. कापड जाड असतं, वरचा थर आतल्याला आडोसा देतो. शिवणीच्या दोऱ्याला तो आडोसा नसतो.

माझे तिन्ही दोरे मी पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले आहेत. फोटोतल्या केंद्राच्या अधिकाऱ्यांना बघायचे असतील तर आपण निरोप द्यावा, मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त फायरमन, रोहा