एकाच हवेचे दोन आकडे

संपादक, नमस्कार,
थंडी पडली की आमच्या अंधेरीत बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या पंच्यावर संध्याकाळपर्यंत राखाडी थर बसतो आणि आईचा इनहेलर उशाशी येतो, पण मोबाईलवर एक्यूआय (हवा किती खराब आहे हे सांगणारा निर्देशांक) बघावा तर एका ॲपमध्ये 100 आणि दुसऱ्यात 150 च्या वर. दोन्ही बरोबरच असू शकतात हो, हवेत पीएम 2.5 (म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण) दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या भारतीय पट्टीवर 100 म्हणजे 'समाधानकारक' आणि अमेरिकन पट्टीवर 150 च्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा तर फक्त 15 मायक्रोग्रॅम! शिवाय आपला आकडा 24 तासांच्या सरासरीचा, सकाळचं धुरकं त्यात बुडून जातं, मग दमेकऱ्यांनी वॉकला जायचं कसं ठरवायचं? तापमान छापता तसं जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचं पीएम 2.5 पण रोज छापा ना प्लीज.
– एक वाचक, अंधेरी